वन्संची बेक्कु

मांजर मी दिलं. दुसऱ्या कुणी नाही. आजही घरात विषय निघाला की आमचे हे म्हणतात, "जाऊ दे इंदू, त्या वेळी सगळीच गडबड होती." गडबड कसली डोंबलाची! मांजराला पोत्यात मी घातलं, पोत्याचं तोंड सुतळीनं मी बांधलं, आणि वर यल्लाप्पाला बजावलं, "परत आणून देऊ नकोस हं." हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला उगाच भली बाई समजायला नको.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, अंबूताई. आम्ही मूळचे मिरजेकडचे. माझ्या सासऱ्यांनी हुबळीच्या बाजारात दोर, सुतळी आणि बारदानाचं दुकान टाकलं, पण वन्संना त्यांनी मिरजेतच दिलं होतं. १९५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, वन्संचे यजमान गेले आणि त्या एक ट्रंक घेऊन हुबळीला वडिलांकडे आल्या. "मी आले आणि महिन्याभरात गावानं राज्य बदललं," असं त्या सांगायच्या. तसंच झालं होतं. त्या आल्या ऑक्टोबरात, तेव्हा हुबळी मुंबई राज्यात होती. नोव्हेंबर उजाडला आणि ती म्हैसूरकडे गेली. बालवाडीत शिकवायची नोकरी मिळत होती, पण कानडी यायला पाहिजे, परीक्षा द्यायला पाहिजे. आणि यांची जीभ पक्की मिरजेची.

कानडीत 'बेकु' म्हणजे पाहिजे आणि 'बेक्कु' म्हणजे मांजर. फरक तो केवढासा, पण वन्संना तो काही केल्या जमेना. लक्कव्वा गवळण दाराशी आली की 'हालु बेकु' म्हणायचं, दूध पाहिजे म्हणून. या म्हणायच्या, "हालु, बेक्कु." लक्कव्वा पण महा चेष्टेखोर. तिसऱ्या दिवशी तिनं डोक्यावर दुधाची चरवी आणि ओटीत मांजराचं पिल्लू आणलं. "घ्या, दूध बी घ्या, मांजर बी घ्या." सगळी गल्ली पोट धरून हसली. वन्संनी मात्र पिल्लू ठेवून घेतलं. त्याच्याशीच बोलून बोलून त्या कानडी शिकल्या. माणसं चुका काढतात, मांजर काढत नाही, म्हणायच्या. परीक्षा पास झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत बालवाडीत राहिल्या.

पुढे कितीतरी मांजरं आली नि गेली. सगळ्यांचं नाव एकच, बेक्कु. सगळ्यांशी बोलणंही कानडीतच. घरात आमच्याशी मराठी आणि मांजराशी कानडी. मी एकसष्ट साली लग्न होऊन आले तेव्हा नवलानं विचारलं होतं, "वन्सं, मांजराशी कानडी का हो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हुच्च, म्हणजे वेडी, आहे. म्हणाल्या, "अगं, हुबळीचं मांजर ते. त्याला मराठी कुठलं कळायला?"

बाजारातल्या जुन्या घरात मांजरांचं काही वाटायचं नाही. कौलावरून यायची, परसातून जायची. पंच्याऐंशी साली आम्ही केशवापूरला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो आणि पहिल्याच महिन्यात तेव्हाची बेक्कु जिना उतरून रस्त्यावर गेली ती सिटी बसखाली आली. वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत. पुढे तीन वर्षांनी, शाळेच्या अडगळीत जन्मलेलं एक पिल्लू त्यांनी आणलं. पांढरं, पाठीवर तपकिरी डाग, एक कान काळा. आणताना मला म्हणाल्या, "इंदू, हिला मी दाराबाहेर पाठवणार नाही. पण कोंडायचं पण नाही."

"म्हणजे काय करणार?" मी विचारलं.

"घरात रान करायचं."

मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी बोलणं. पण बाईंनी खरंच केलं की हो! आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या आणि सुताराकडून भिंतीवर पायऱ्यांसारख्या ठोकून घेतल्या, खालून थेट माळ्यापर्यंत. आपल्याच दुकानातली काथ्याची दोरी स्टुलाच्या चारी पायांना गच्च गुंडाळली, कपाटाच्या बाजूला बारदान ठोकलं, नखं घासायला. समोरच्या खिडकीत फळी बसवली. बाहेर कडुलिंब होता, त्यावर खारी आणि साळुंक्या. बेक्कु त्या फळीवर बसून तासन् तास दात वाजवत बघायची. वन्सं म्हणायच्या, "हा हिचा सिनेमा."

जेवण ताटलीत एका जागी द्यायचं नाही. कागदाच्या बारीक बारीक पुड्या करायच्या, त्यात भाकरीचा तुकडा नाहीतर सुकट, आणि त्या पुड्या घरभर लपवायच्या. सुकट! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आमची धुणंभांडी करणारी दुर्गव्वा वन्संना गुपचूप आणून द्यायची. मी एकदा शेल्फवरून डाळीचा डबा काढला तर मागे सुकटाची पुडी. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. "वन्सं, देवघर इथं हाताच्या अंतरावर आहे!" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "देवघरात नाही ठेवली की. रानात कुणी मांजराला ताट वाढून देतं होय? शोधून खाल्लं की तिचा दिवस जातो."

दर रविवारी त्या बसनं उणकलला जायच्या. लोक तिथं तळ्यावर वारा खायला जातात, या पिसं वेचायला जायच्या. येताना पिशवीत पिसं, वाळकी पानं, एखादी साल निघालेली काटकी, मूठभर गवत. सगळं जमिनीवर पसरायच्या आणि बेक्कु एकेक गोष्ट हुंगत फिरायची. वन्सं शेजारी मांडी घालून बसलेल्या. "बा, बेक्कु, बा," ये बेक्कु ये, असं चाललेलं. मी केरसुणी घेऊन दारात उभी. "झालं का तुमचं उणकल? मला केर काढायचाय."

आणि संध्याकाळी सहाला शिकार. सुतळीच्या टोकाला चिंध्यांचा उंदीर बांधलेला, तो वन्सं खुर्चीत बसून सगळ्या खोलीभर फिरवायच्या, पायाखालून, गादीखालून. खेळ संपवताना न चुकता तिच्या पंजात सापडू द्यायच्या. एकदा मी गमतीनं सुतळी हातात घेतली आणि तिला पळव पळव पळवलं, आणि उंदीर उचलून कपाटावर ठेवला. वन्सं रागावल्या. त्या सहसा रागवायच्या नाहीत. "असं नाही करायचं इंदू. शेवटी सापडलं पाहिजे. नुसतं पळवलं की तिचं मन मोडतं." मी हसले. मांजराचं मन म्हणे!

मला त्या सगळ्याचा त्रास व्हायचा, हे मी नाकारत नाही. पण खरं कारण केर आणि सुकट नव्हतं. आमची मुलं नोकऱ्यांना लांब गेली होती, हे दिवसभर दुकानात. मला वाटायचं, या बाईनं माझ्याशी बोलावं, माझ्याबरोबर बसावं. आणि ती बसायची मांजराबरोबर. हे मी कधी तोंडानं बोलले नाही. नुसती करवादत राहिले.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये वन्संना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकरा दिवस दवाखान्यात. हे तिथं बसायचे, मी घर, स्वयंपाक, डबा आणि वर ते मांजर. बेक्कुला काहीच मिळेना, पुड्या नाहीत, उंदीर नाही, उणकल नाही. ती खोल्याखोल्यांतून ओरडत फिरायची. तो आवाज डोक्यात घुसायचा. नवव्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर पाहुण्यांच्या गादीची शिवण उसवून कापूस घरभर, आणि लोणच्याची बरणी खाली पडून फुटलेली. सगळीकडे तेल, आणि त्या तेलातून तिची पावलं थेट वन्संच्या पलंगापर्यंत. तिथं पलंगावर बसून ती माझ्याकडे बघत होती. आता मला कळतं ती तिथं का बसली होती. तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला फक्त कापूस आणि तेल दिसत होतं.

नेमका तेव्हाच अमरगोळहून यल्लाप्पा रिकाम्या पोत्यांचा हिशेब विचारायला घरी आला. अमरगोळच्या बाजार आवारात तो एका अडत दुकानात हमाल होता. शेंगांच्या पोत्यांना उंदीर लागतात म्हणून कधीपासून मांजर मागत होता. मी म्हटलं, "घेऊन जा हे." त्यानं विचारलं, "अंबूताईंचं नव्हं?" मी म्हटलं, "त्यांचं आता त्यांनाच धड नाही." असं बोलले मी. माझ्याच तोंडानं. पोतं उघडलं, बेक्कुला आत ढकललं, आणि बांधलं. भिंतीवरच्या पेट्यासुद्धा त्याच दिवशी काढायला लावल्या.

संध्याकाळी हे म्हणाले, "अक्का विचारेल की गं."

"विचारतील तेव्हा बघू," मी म्हटलं.

वन्संना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, एखादा शब्द येईल, वाट बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, "बेकु."

मी आनंदानं ओरडले. ह्यांना हाक मारली. "अहो, बोलल्या! काहीतरी पाहिजे म्हणतायत!" आम्ही दोघं धावलो. पाणी बेकु? मान हलली, नाही. चहा? नाही. मान उंच करायची? लघवीला? दत्ताचा फोटो? रेडिओ? शेजारच्या बायका आल्या, त्यांनी मोगऱ्याचा गजरा आणून नाकाशी धरला. नाही, नाही. आणि पुन्हा, "बेकु... बेकु." डावा हात चादरीवर सारखा चालायचा, बोटं इकडून तिकडे. डॉक्टर म्हणाले, शिरांचं आहे ते, आपोआप होतं.

असे सतरा दिवस गेले. दिवसातून शंभर वेळा तो एकच शब्द. बाकी सगळं गेलं होतं आणि तेवढाच उरला होता. हे कंटाळून दुकानात लवकर जायला लागले. माझ्या नाकी नऊ आले. एका दुपारी माझा ताबा सुटला. हातातली पेज मी खाली आपटली आणि ओरडले, "काय बेकु? काय बेकु ते तरी सांगा ना एकदा! मी काय काय आणू?" वन्सं घाबरल्या. घाबरल्या हो माझ्याकडे बघून, ज्यांनी मला नवी सून असताना हाताला धरून चूल शिकवली होती. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. मी पुसलंसुद्धा नाही, पेज पुसत बसले.

दुर्गव्वा मोरीत भांडी घासत होती. ती ओले हात तसेच घेऊन दारात आली.

"वैनी," ती म्हणाली, "बाई 'पाहिजे' म्हणत न्हाईत. 'मांजर' म्हणत्यात. जीभ वळंना झालीया म्हणून तुमास्नी तसं ऐकू येतंय. हात बघा की त्यांचा. उंदीर वढत्यात."

मी हाताकडे बघितलं. बोटं चादरीवरून सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. वन्संनी दुर्गव्वाकडे बघितलं आणि मान हलवली. हो. सतरा दिवसांत पहिल्यांदा हो.

आता खरं सांगू? सगळ्या गावाला मी सांगते, शब्दाचा घोटाळा झाला, एका अक्षरानं फसवलं. लोक चुकचुकतात. पण चौथ्या की पाचव्या दिवशीच माझ्या मनात आलं होतं. ज्या बाईचा हा घोटाळा चाळीस वर्षं घरात थट्टेचा विषय होता, तिच्या तोंडून तो शब्द ऐकून मला कसं आठवणार नाही? आठवलं होतं. मी तो विचार दाबला. कारण तो खरा निघाला असता तर मला सांगावं लागलं असतं की मांजर मी देऊन टाकलं. म्हणून मी पाणी विचारलं, चहा विचारला, दत्ताचा फोटो दाखवला. सगळं विचारलं, तेवढं एक सोडून.

तशीच उठले, पदर खोचला, रिक्षा केली आणि अमरगोळ गाठलं. यल्लाप्पा पोत्यांच्या थप्पीजवळ बसला होता. मला बघूनच उभा राहिला.

"माझं मांजर दे," मी म्हटलं.

त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं. "वैनी, ती न्हाई राहिली हितं. पोतं सोडलं तशी थप्पीवर चढून बसली, दोन दिवस खाली उतरली न्हाई. भाकरी ठेवली तर खाल्ली न्हाई. उंदीर म्होरनं जायचा तर नुसती बघायची. पर पोत्याची सुतळी लोंबत असली की तिला मात्र धरायची. तिसऱ्या दिशी कुत्री आली, ट्रकखालनं पळाली. मग दिसली न्हाई."

ट्रकाखाली आली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तसं काही दिसलं नाही. खरं बोलला की माझी दया आली म्हणून, देव जाणे. मी दीड तास त्या आवारात फिरले. मिरचीच्या ढिगांमागे, शेंगांच्या थप्पीमागे, मालट्रकांखाली वाकून बघितलं. "बेक्कु, बेक्कु" म्हणून हाका मारल्या. आणि मला समजलं की मी तिला याआधी कधी नावानं हाक मारलीच नव्हती, ती माझ्या आवाजाला कशाला येईल?

मग मी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी. आवारात मांजरांना तोटा नव्हता. शेवटच्या गाळ्याशी एक पांढरी होती, पाठीवर तपकिरी डाग होता. कान दोन्ही पांढरे. मला वाटलं, वन्संना आता नीट दिसत कुठं? यल्लाप्पानं धरून दिली. वाटेत रिक्षा थांबवून मी तिच्या एका कानाला काजळ लावलं. हसू नका. पन्नाशी उलटलेली बाई रिक्षात बसून मांजराला काजळ लावत होती, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरी आले. "वन्सं," मी म्हटलं, "बेक्कु आली हो! बघा, तुमची बेक्कु आली!" त्यांचा चेहरा जो उजळला! अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेला अर्धा सगळाच्या सगळा हसला. मी मांजर त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. हात तिच्या पाठीवरून फिरला, मानेपाशी आला, हनुवटीखाली गेला. तिथं थांबला. मांजर आखडून बसलं होतं. त्याला शेंगांच्या आणि मिरचीच्या धुरळ्याचा वास येत होता. वन्संनी कान चाचपला आणि स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली. बोटांना काजळ लागलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता म्हणाल्या, "अल्ल."

अल्ल म्हणजे, ही ती नव्हे. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला हा दुसरा शब्द. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरा शब्द आला की बरं होण्याची सुरुवात समजा. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं, पोतं, सुतळी, यल्लाप्पा, ट्रक, सगळं. "मी दिलं वन्सं, मीच दिलं," म्हणून रडले. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही. तो जिथं होता तिथंच राहिला.

नवं मांजर पलंगाखाली जाऊन ओरडायला लागलं. थोड्या वेळानं वन्संनी डाव्या हाताचं बोट खिडकीकडे केलं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, फळी काढून टाकली होती मी, तिथं मांजराला बसायला काही नव्हतं. मी स्टूल सरकवलं, त्यावर उशी ठेवली, पडदा बाजूला केला. मांजर चढून बसलं आणि बाहेर बघू लागलं. वन्संनी तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुड्या करायला लागले. सुकट स्वतः जाऊन आणली, दुकानातून दोरी मागवली, पेट्या परत ठोकून घेतल्या. रोज सहा वाजता त्यांच्या पलंगासमोर बसून चिंध्यांचा उंदीर ओढायची. त्या बघतील, एखादा शब्द बोलतील, निदान रागावतील, म्हणून. त्या भिंतीकडे बघायच्या. बेकु नाही, अल्ल नाही, काहीच नाही. ज्या शब्दाला मी इतकी वैतागले होते, तो पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी देवाला नवस बोलले.

जुलैत डॉक्टर घरी तपासायला आले. पाय दाबून बघितले, डोळ्यांत बत्ती टाकली, मला म्हणाले, "मध्ये काहीतरी मागायच्या ना? अजून मागतात का?"

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. आता काही मागत नाहीत."